जुन्या गिटारची जवारी

“हिची पहिली तार सतारीसारखी वाजते.” सेकंड-हँड इलेक्ट्रिक गिटार घेऊन येणाऱ्या मुलांकडून ही तक्रार मी कितीतरी वेळा ऐकली आहे. आवाज खरोखरच तसा असतो. तार मोकळी छेडली की स्वराभोवती एक झणझणती किनार उमटते.

सतारीत आणि तंबोऱ्यात हाच झणत्कार मिळावा म्हणून मिरजेचे कारागीर घोडीच्या रुंद माथ्यावर तासन् तास कानस आणि पॉलिश पेपर फिरवतात. त्या माथ्याला अगदी किंचित बाक दिलेला असतो. थरथरणारी तार त्या बाकावर टेकत-सुटत राहते आणि वरचे स्वरांश जागे होतात. हीच जवारी. गिटारची तार मात्र एकाच काटेकोर बिंदूवरून सुटायला हवी. दांडीच्या टोकाला ‘नट’ नावाची जी पांढरी पट्टी असते, तिच्या खाचेचा तळ चुकीच्या दिशेला उतरता असेल किंवा पुढची कड झिजली असेल, तर तार खाचेतच टेकत-सुटत राहते. गिटारला नको ती जवारी लागते ती अशी.

उपाय म्हणजे बारीक कानशीचे आठ-दहा हलके हात. पण गिटार आणणाऱ्याची समजूत बहुतेकदा वेगळीच असते. गिटार हलकी आहे, पिकअप बदलायला हवेत, नाहीतर हिला विकून महागडी घ्यायला हवी, असं त्याने मनाशी ठरवलेलं असतं. म्हणून जुनी, स्वस्त गिटार सुधारताना कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे नीट समजून घेऊ.

स्वस्त गिटारमध्ये काय कमी असतं?

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारींपैकी पुष्कळशा स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाच्या असतात. हे वळण १९५४ सालचं. ते बाजारात आणणारा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याने दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्याकडे तो दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने बघत असे. त्याच्या गिटारची दांडी धडाला सरसाने चिकटवलेली नाही, ती चार स्क्रूंनी बसवलेली आहे. तिन्ही पिकअप, स्विच आणि बटणं एकाच प्लास्टिकच्या पत्र्यावर आहेत. तो पत्रा उचलला की सगळी वायरिंग हाती येते. थोडक्यात, हे वाद्य उघडता यावं अशाच बेताने घडवलेलं आहे.

१९८० च्या सुमारास जपानी कारखाने या गिटारच्या इतक्या सुबक नकला करू लागले, की फेंडर कंपनीने १९८२ साली स्वतःच जपानमध्ये ‘स्क्वायर’ नावाने कमी किमतीच्या गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली. त्या पहिल्या जपानी स्क्वायर गिटार आज संग्राहक शोधत फिरतात. किंमत कमी म्हणजे वाद्य वाईट, हे समीकरण तेव्हाच मोडलं.

आज तर संगणकावर चालणारी यंत्रं लाकूड कापतात आणि फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या पडद्यांच्या, खाचाही पाडतात. फ्रेटचं गणित ठरलेलं आहे: तारेच्या उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या फ्रेटपर्यंतचं अंतर मिळतं. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. त्यामुळे पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. यंत्राला हे काम स्वस्त गिटारमध्येही अचूक जमतं.

स्वस्त गिटारमध्ये न परवडणारी कामं शेवटच्या टप्प्यावर येतात. प्रत्येक फ्रेटचा माथा एका पातळीत आणणं, त्यांची टोकं गुळगुळीत करणं, नटच्या सहा खाचा सहा तारांच्या जाडीप्रमाणे कापणं, घोडी जुळवणं, ही सगळी हातकामं आहेत आणि त्यांना तास लागतात. कारखान्यात पैसे वाचवले जातात ते इथेच. स्वस्त गिटारमध्ये कमी पडलेला असतो तो माणसाच्या हाताचा वेळ, आणि तो आपण नंतरही देऊ शकतो.

घेताना काय बघायचं?

जुनी गिटार बघायला गेल्यावर रंगाकडे आणि चऱ्यांकडे दुर्लक्ष करा. धूळ, गंज, फुटकं बटण, खरखरणारा आवाज यांतलं काहीही घाबरण्यासारखं नाही. बघायची ती दांडी. गिटार डोळ्याशी धरा आणि घोडीच्या बाजूने दांडीच्या टोकापर्यंत नजर टाका, सुतार फळी बघतो तशी. दांडीला थोडा बाक असेल तर तो काढता येतो. पण ती पिळलेली असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल, तर ती गिटार सोडून द्या.

दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, तिला ‘ट्रस रॉड’ म्हणतात. तिचा नट फिरतो का, हे विकणाऱ्याच्या परवानगीने ॲलन कीने पाव फेरा फिरवून बघा. मग फ्रेटची उंची. तारांखाली खोल खड्डे पडून फ्रेट सपाट झाले असतील, तर ते सगळे बदलावे लागतील आणि तो खर्च गिटारच्या किमतीइतका होऊ शकतो. शेवटी दांडी आणि डोकं जिथे मिळतात तिथे चीर नाही ना, ते पाहा. दांडी सरळ, सळई चालू, फ्रेटमध्ये जीव आणि लाकडाला चीर नाही: एवढं जमलं की गिटार घ्यायला हरकत नाही.

जुळवणी: बाक, उंची, सूर

घरी आणल्यावर पहिला खर्च नव्या तारांचा. जुन्या, गंजलेल्या तारांवर कोणतीही तपासणी खोटी ठरते. तारा उतरवल्यावर दांडी पुसून घ्या. शिसवीसारखं उघडं लाकूड असेल तर लेमन ऑइलचा एक पातळ हात द्या. लॅकर दिलेल्या मेपलच्या दांडीला तेलाची गरज नसते. धडाच्या स्क्रूंची भोकं ढिली झाली असतील, तर फेविकॉलमध्ये बुडवलेली काडेपेटीची काडी आत बसवून, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळता येतो.

आता जुळवणी. हिचा क्रम बदलून चालत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते.

पहिला दांडीचा बाक. पातळ तारांचा साधा संच सुरात आणला की सहा तारा मिळून दांडी साधारण ३८ किलो वजनाच्या ताकदीने ओढतात. त्या ओढीला ट्रस रॉड उलटा जोर देते. दांडी पट्टीसारखी सरळ असणंही बरं नाही. तार मधोमध सर्वांत जास्त हेलकावते, म्हणून तिथे तिला थोडी जागा लागते. सहावी तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने धडाजवळच्या फ्रेटवर दाबा. आठव्या फ्रेटवर तारेखाली पाव मिलिमीटर फट दिसायला हवी. टू-व्हीलरचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला जे फीलर गेज वापरतो, तेच इथे कामाला येतं. फट जास्त असेल तर सळईचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेराच. मग तारा पुन्हा सुरात आणा, लाकडाला थोडा वेळ द्या आणि फिरून मोजा. सळईवर जोर केला तर ती तुटते, आणि मग दांडी कामातून जाते.

दुसरी तारांची उंची. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक छोटं पीठ असतं, त्याला ‘सॅडल’ म्हणतात. दोन बारीक स्क्रूंनी ते वरखाली होतं. सतराव्या फ्रेटवर तारेखाली साधारण १.६ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. तार खाली आणली की बोटांना सोपं जातं, पण फार खाली आणली की ती फ्रेटवर खडखडते. शिकणाऱ्याची बोटं पहिल्या महिन्यात सोलवटतात, त्याला पुष्कळदा नको तितक्या उंच ठेवलेल्या तारा कारण असतात. कितीतरी जणांची गिटार तेव्हाच सुटते.

तिसरा सूर. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. जाड तार पातळ तारेपेक्षा जास्त चढते. म्हणून घोडीवर सॅडल एका रेषेत नसतात, जाड तारांचे मागे सरकलेले असतात. तपासणी सोपी आहे. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर नटच्या दिशेला पुढे आणा. एवढं केल्यावर वरच्या पट्टीत बेसूर वाटणारी गिटार एकदम सुरेल वाटू लागते. इथपर्यंत तारांखेरीज एक रुपयाही खर्च झालेला नाही.

फ्रेट आणि नट

जुळवणी झाल्यावरही ठरावीक ठिकाणीच तार खडखडत असेल, तर एखादा फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा उंच आहे. तीन फ्रेटवर मावेल अशी धातूची छोटी सरळ पट्टी आडवी ठेवून डोलवून बघा. डोलली तर मधला फ्रेट उंच. तो आपल्या खाचेतून वर आलेला असेल तर नायलॉनच्या हातोडीने हलकेच ठोकून आत बसवावा. तेवढ्याने भागलं नाही तर सगळे फ्रेट एका पातळीत घासावे लागतात.

तारा काढून दांडी सळईने अगदी सरळ करायची. फ्रेटमधल्या लाकडावर मास्किंग टेप लावायची आणि प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करने काळी रेघ मारायची. मग सपाट पट्टीला चिकटवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने लांबीच्या दिशेला फिरवत राहायचं. उंच फ्रेटवरची शाई आधी जाते, खोलगट फ्रेटवरची शेवटी. सगळीकडची शाई निघाली की पातळी आली. आता माथे सपाट झालेले असतात. सपाट माथ्यावर तार नेमक्या बिंदूवर टेकत नाही आणि सूर हलतो, म्हणून गोलाईच्या खास कानशीने प्रत्येक माथा पुन्हा गोल करायचा आणि ८००, १२००, २००० नंबरच्या पेपरने चकचकीत करायचा. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअप टेपने झाका. त्याचे बारीक कण चुंबकांना चिकटतात आणि निघता निघत नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्याला या कामात अख्खा दिवस जातो. दर वेळी धातू थोडा झिजतो, त्यामुळे हे काम आयुष्यात मोजक्या वेळा करायचं आणि सावकाश करायचं.

फ्रेटची टोकं बोटांना टोचत असतील तर दोष हवेचा असू शकतो. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते आकसतं, पण धातू तेवढाच राहतो आणि टोकं बाहेर येतात. बारीक कानशीने ती गोल करून घ्यावीत. ऋतू बदलला की बाक पुन्हा तपासावा.

या लाकडाशी आपलं नातंही आहे. फ्रेटखालची पट्टी पिढ्यान् पिढ्या बहुधा शिसवीची असायची. २०१७ साली शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण मधल्या काळात अनेक स्वस्त गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ नावाचं लाकूड आलं आणि टिकलं. ते म्हणजे आपलं ऐन. सह्याद्रीच्या रानात शिसव आणि ऐन दोन्ही वाढतात.

नटकडे पुन्हा येऊ. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली बघा. केसाएवढी फट दिसली तर खाच बरोबर आहे. फट मोठी असेल तर खाच उथळ आहे, आणि त्यामुळे पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे स्वर चढे लागतात. फट नसेलच तर खाच खोल गेली आहे आणि मोकळी तार खडखडेल. खाच कापताना तिचा तळ मागे, खुंट्यांच्या दिशेला किंचित उतरता ठेवायचा, म्हणजे तार पुढच्या कडेवरूनच सुटते.

गिटार सारखी उतरते म्हणून लोक आधी खुंट्या बदलतात. खुंटी पिळताना नटपाशी ‘टक्’ असा आवाज येऊन स्वर उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. प्लास्टिकचा नट अगदीच गेला असेल तर हाडाचा बसवून घ्यावा. घोडीसाठी हाड घासण्याची कला आपल्याकडच्या सतारकारांना पूर्वीपासून अवगत आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हाताच्या याच कौशल्याची परंपरा आहे.

वायरिंग आणि गुणगुण

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. मात्र गिटारची तार आणि घरातली वीज यांत पिकअपला फरक करता येत नाही. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ट्यूबलाइट, चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळ्यांची गुणगुण तो पकडतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने यावर तोड काढली. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की तारेचा आवाज टिकतो आणि गुणगुण एकमेकींना खोडते. १९५५ साली त्याने या ‘हंबकर’च्या पेटंटसाठी अर्ज केला.

एका वेटोळ्याच्या पिकअपची गुणगुण पूर्ण जात नाही, पण करकर पुष्कळ कमी करता येते. पत्र्याखालच्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडायची. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घोडीची अर्थ वायर शाबूत आहे. काहीच फरक पडत नसेल तर ती तुटलेली असू शकते, तिला पुन्हा सोल्डर करा. बटण फिरवताना खरखर येत असेल तर आत काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवा. पिकअप जिवंत आहे की नाही, ते मल्टिमीटर सांगतं. एका वेटोळ्याचा पिकअप साधारण साडेपाच ते सात किलो-ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. सोल्डर, वायर, कपॅसिटर, क्लीनर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ॲम्प्लिफायरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडावर कधीही लावू नका. गिटारच्या तारा केबलमधून थेट ॲम्प्लिफायरच्या पेटीला जोडलेल्या असतात. अर्थिंग तोडलं आणि आत काही बिघडलं, तर वीज वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते.

बदलायचं ते शेवटी

एवढं झाल्यावर पिकअपची उंची बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला साधारण २ आणि पातळ बाजूला १.६ मिलिमीटर अंतर ठेवा. पिकअप फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो. नुसते पिकअपचे दोन स्क्रू फिरवून आवाज कधी कधी इतका बदलतो की नवे पिकअप घेण्याचा विचार मागे पडतो. तरीही आवाज बोथट वाटला, तर खुशाल बदला. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा पोलादी खिळ्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, चांगल्यात अल्निको धातूचे चुंबकच खिळे म्हणून बसवलेले असतात. फरक कानाला कळतो, पण सुरात नसलेल्या गिटारवर त्याचा उपयोग नाही.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरचं धड आणि ८० डॉलरची दांडी जोडून स्वतःची गिटार तयार केली, तीत जुन्या गिब्सनचा पिकअप बसवला आणि त्याची शिट्टी थांबावी म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवला. १९७८ साली आलेल्या आपल्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये त्याने तीच वाजवली. इंग्लंडमध्ये ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरच्या घरी गिटार घडवली, दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं, आणि तीच गिटार तो क्वीन बँडबरोबर आयुष्यभर वाजवत आला. दोघांकडे महागडं सामान नव्हतं. वाद्य उघडून समजून घेण्याची चिकाटी मात्र होती.

घरात माळ्यावर अशी गिटार पडली असेल तर या रविवारी ती खाली काढा. दांडीवर नजर टाका, नव्या तारा लावा, बाक, उंची आणि सूर याच क्रमाने जुळवा, आणि मग नटच्या सहा खाचा एकेक करून तपासा. पैसे खर्च करायचे ते त्यानंतर.